झेंडा परका, माणूस आपला

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
डिसेंबर 2025

लोकसभेत आणि राज्यसभेत महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व करणाऱ्या सर्व सन्माननीय सदस्यांस,



परदेशात युद्ध पेटले की आपल्या देशाची यंत्रणा किती झपाट्याने हलू शकते, हे गेल्या पस्तीस वर्षांत वारंवार दिसले आहे. 1990 मध्ये इराकने कुवेत बळकावले तेव्हा परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल स्वतः बगदादला जाऊन सद्दाम हुसेनला भेटले आणि त्यानंतर सुमारे 1 लाख 70 हजार भारतीय मायदेशी आले. 2015 मध्ये येमेनमधून 4,640 भारतीयांबरोबर 41 देशांचे 960 नागरिकही आपण बाहेर काढले. पुढे युक्रेन, सुदान, इस्रायल आणि जून 2025 मध्ये इराण. दर वेळी मोहीम निघाली, विमाने गेली, माणसे घरी आली. या कामाचा मला अभिमान आहे आणि ते पार पाडणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी आदर आहे. तरीही हे पत्र लिहावे लागत आहे, कारण या मोहिमांची घडण जमिनीवर अडकलेल्या माणसांसाठी झालेली आहे. युद्धाच्या पाण्यात जहाजावर अडकलेला माणूस त्यात सहसा बसत नाही. तो विमानतळापर्यंत चालत येऊ शकत नाही, तो ज्या डेकवर उभा आहे तो डेक कायद्याने बहुधा दुसऱ्याच देशाच्या अखत्यारीत असतो, आणि त्याला सोडवणे हे भारत सरकारचे कर्तव्य आहे असे म्हणणारा कायदा आपल्याकडे नाही. सरकारने मनावर घेतले तर तो सुटतो. बहुतेक वेळा सरकार मनावर घेतेही. पण एखाद्याचे आयुष्य 'मनावर घेण्या'वर टांगलेले असावे का, हा प्रश्न संसदेत विचारला जायला हवा आणि तो तुम्ही विचारावा, अशी माझी मागणी आहे.

तुम्हीच का, याचे उत्तर सोपे आहे. या देशाचा व्यापारी जहाजांचा बराचसा कारभार महाराष्ट्रातून चालतो. नौवहन महासंचालनालय कांजूरमार्गला आहे, शिपिंग कॉर्पोरेशन नरिमन पॉइंटला, खलाशांच्या मोठ्या संघटना मुंबईत, नौदलाचे पश्चिम मुख्यालय मुंबईत आणि जहाजांवर माणसे भरणाऱ्या मॅनिंग एजंटांची कार्यालये अंधेरीपासून बेलापूरपर्यंत पसरलेली. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे सहा हजार हिंदी खलाशांची स्मृती जपलेली आहे. समुद्राखेरीज दुसरी कबर ज्यांना मिळाली नाही अशी ती माणसे. युद्धात व्यापारी जहाजावर मरण्याचा इतिहास आपल्या दाराशी एवढा मोठा असताना त्याबद्दल बोलण्याचा पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी महाराष्ट्राच्या प्रतिनिधींची आहे.

समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटर आत राहणाऱ्याला याची काय पडली आहे, असे कुणी विचारील. कोकणातल्या खाडीकाठच्या गावात सारंग, सुखाणी, टिंडेल हे जहाजावरच्या हुद्द्यांचे शब्द आजोबांपासून घरात असतात. कोणती कंपनी पगार बुडवते, कोणता एजंट खोटा, हे तिथे चार घरांत माहीत असते, आणि जहाज अडकले तर कुणाचे दार ठोठवायचे तेही ठाऊक असते. मराठवाड्यात असे काही नाही. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरातला मुलगा बारावी सायन्स होतो, कर्ज काढून फी भरतो, कोर्स करतो, सीडीसी (खलाशाचे नोंदणी-पुस्तक) मिळवतो, एजंटामार्फत जहाजावर साइन ऑन करतो. घरच्यांना माहीत असते ते जहाजाचे नाव आणि एजंटाचा मोबाइल नंबर. जहाज लाल समुद्रात शिरणार आहे की आफ्रिकेला वळसा घालणार आहे, त्याचा मालक कोण, झेंडा कुठला, विमा कुणाचा, यातले काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अशा घराशी परराष्ट्र मंत्रालयाचा संबंध येतो तो पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रापुरता. सरकारने कायद्याने काही बांधून घेतले नाही तर सर्वांत जास्त अंधारात राहतील ती ही आतल्या जिल्ह्यांतली घरे.

आता मूळ अडचणीकडे येतो. जगातल्या खलाशांपैकी दहा-बारा टक्के भारतीय आहेत, त्यांची संख्या तीन लाखांच्या आसपास जाते, असे सरकारच सांगते. उलट जगाच्या जहाजी क्षमतेत भारतीय झेंड्याचा वाटा एक-दीड टक्क्याच्या घरात आहे. म्हणजे आपली बहुसंख्य मुले परक्या झेंड्याखाली काम करतात, आणि तो झेंडा बहुधा लायबेरिया, पनामा किंवा मार्शल बेटांचा असतो. सागरी कायद्यानुसार जहाजाची जबाबदारी झेंड्याच्या राष्ट्राची. हॅम्बर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने 1999 मध्ये 'सायगा' जहाजाच्या खटल्यात असे ठरवले की जहाज, त्यावरचा माल आणि त्यावरची सर्व माणसे, मग ती कुठल्याही देशाची असोत, मिळून एक घटक मानायचा आणि त्याच्या वतीने झेंड्याच्या राष्ट्राने दाद मागायची. कागदावर ही व्यवस्था माणसाच्या सोयीची आहे, कारण एका जहाजावर सहा देशांचे लोक असले तरी बाजू मांडणारा एक देश मिळतो. पण ज्या देशाने केवळ नोंदणी शुल्कासाठी झेंडा दिला, ज्याची ना त्या समुद्रात युद्धनौका आहे ना त्या राजधानीत वजन, तो देश युद्धाच्या धामधुमीत एखाद्या बंदरात डांबलेल्या भारतीय फिटरसाठी किती धावेल?

13 एप्रिल 2024 रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणच्या रिव्होल्युशनरी गार्डने 'एमएससी एरीज' हे कंटेनर जहाज ताब्यात घेतले, ती घटना या दृष्टीने नीट पाहण्यासारखी आहे. झेंडा पोर्तुगालचा, चालवणारी कंपनी जिनिव्हाची, मालकीचा धागा इस्रायली उद्योगपतीकडे जाणारा. इराणचा राग त्या मालकीवर होता. जहाजावरच्या 25 माणसांपैकी 17 मात्र भारतीय होती. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर इराणच्या परराष्ट्रमंत्र्यांशी बोलले, आपल्या दूतावासाला खलाशांना भेटण्याची परवानगी मिळाली, 18 एप्रिलला केरळची एक तरुण कॅडेट कोचीला उतरली आणि 9 मे रोजी आणखी पाच जण निघाले. हे राजनैतिक यश निर्विवाद आहे. पण मधल्या दिवसांत काय घडत होते ते बघा. माणसांना आम्ही डांबलेले नाही, ती जायला मोकळी आहेत, असे इराणचे म्हणणे होते. आणि परतीचा प्रश्न काही तांत्रिक बाबींशी व कामाच्या कराराशी जोडलेला आहे, असे आपले परराष्ट्र मंत्रालय सांगत होते. मोकळा आहे पण जाऊ शकत नाही, अशा अवस्थेत तो खलाशी होता.

याचे कारण जहाजाच्या कामात आहे. नांगरावर उभे असलेले जहाजही एकटे सोडता येत नाही. जनरेटर चालू ठेवावे लागतात, इंजिनरूममध्ये साठणारे बिल्जचे पाणी बघावे लागते, नांगर सरकत नाही ना यावर ब्रिजवरून चोवीस तास पहारा लागतो, थंड कंटेनरांचे तापमान नोंदवावे लागते. किमान किती माणसे हवीत हे प्रमाणपत्रात लिहिलेले असते आणि त्याखाली आकडा गेला की कप्तान व कंपनी दोघे अडचणीत येतात. म्हणून बदली माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय साइन ऑफ नाही. पकडलेल्या जहाजावर रिलीव्हर पाठवायला कुणी तयार नसते, म्हणजे आहेत त्याच माणसांनी तिथे राहायचे. राजदूताने मिळवलेली सुटका अशी कंपनीच्या कराराने अडवली जाते. यावर उपाय नाही असे कुणी म्हणू नये. 1967 च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालव्यावरच्या ग्रेट बिटर लेकमध्ये 14 जहाजे अडकली आणि 1975 पर्यंत तिथेच राहिली. दोन्ही काठांवर शत्रूंच्या तोफा असतानाही त्या जहाजांवरची माणसे ठरावीक काळाने बदलली जात होती, पुढे तर जहाजे एकमेकांशेजारी बांधून थोड्या माणसांवर काम भागवले गेले. मालकांनी आणि त्यांच्या सरकारांनी ठरवले, म्हणून जमले. आपल्याकडे एजंटाला परवाना देणारे नौवहन महासंचालनालयच आहे. युद्धप्रसंगी सुटका मिळाल्यावर अमुक दिवसांत बदली माणसे किंवा जहाज सांभाळण्याची पर्यायी व्यवस्था करीन, असे कंपनीकडून परवान्याच्या अटींतच लिहून घेणे त्याला अवघड नाही. ही अट घालण्याचा आग्रह तुम्ही धरा.

झेंड्याच्या राष्ट्रावर सगळे सोपवून आपण मोकळे व्हावे, असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा मुळीच आग्रह नाही. 1907 च्या हेग परिषदेतच असे ठरले होते की शत्रूचे व्यापारी जहाज पकडले गेले तर त्यावरच्या तटस्थ देशाच्या खलाशांना युद्धकैदी करायचे नाही. म्हणजे जहाज कुणाचे याच्याइतकाच माणूस कुणाचा हा प्रश्न तेव्हाही महत्त्वाचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने 2006 मध्ये राजनैतिक संरक्षणाचे जे कलमवार मसुदे केले, त्यातल्या अठराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की झेंड्याच्या राष्ट्राला दाद मागता येते म्हणून खलाशाच्या मायदेशाचा त्याच्यासाठी उभे राहण्याचा हक्क कमी होत नाही. आपण हा हक्क वापरायला शिकलोही आहोत. पाकिस्तानच्या कैदेतल्या, सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधव यांच्यासाठी भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात 1963 च्या व्हिएन्ना कराराचे छत्तिसावे कलम पुढे केले आणि 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 मतांनी पाकिस्तानला दोषी ठरवून घेतले. अटकेतल्या माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीशी बोलू देणे ही मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे, अशी भूमिका घेऊन भारत तिथे उभा राहिला होता. मग हाच हक्क परदेशी तुरुंगातल्या भारतीयाने आपल्याच सरकारकडे मागितला तर? आपल्या कायद्यात त्याला आधार नाही. आपण पाकिस्तानकडून जे मागितले ते आपल्या नागरिकाला घरात देऊ केलेले नाही. हा विरोधाभास दूर करणे संसदेच्या हातात आहे.

मराठी मुलुखाशेजारच्या किनाऱ्यावर घडलेला एक प्रसंग या संदर्भात पुन्हा वाचावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धात गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि पोर्तुगाल तटस्थ. त्यामुळे 'एरेनफेल्स', 'ब्राउनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' ही जर्मन जहाजे आणि एक इटालियन जहाज मुरगाव बंदरात आसऱ्याला होते. मार्च 1943 मध्ये कलकत्त्याहून गुपचूप आलेल्या ब्रिटिश पथकाने 'एरेनफेल्स'वर छापा घातला, तटस्थ पाण्यात माणसे मेली, जहाजे खलाशांनीच पेटवून बुडवली. त्याच बंदरात, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, जपानचे 'तेइया मारू' आणि स्वीडनचे 'ग्रिप्सहोम' समोरासमोर लागले. एकातून जपानने पूर्व आशियात अडकवलेले अमेरिकी, कॅनेडियन आणि इतर नागरिक, दुसऱ्यातून अमेरिका खंडातले जपानी, दोन्ही बाजूंनी सुमारे दीड-दीड हजार माणसे उतरली आणि जहाजे बदलून आपापल्या वाटेने गेली. अमेरिका आणि जपान यांच्यात तेव्हा पॅसिफिकमध्ये हातघाईची लढाई चालू होती. तरी हे घडले, कारण अमेरिकेच्या वतीने स्वित्झर्लंड टोकियोशी आणि जपानच्या वतीने स्पेन वॉशिंग्टनशी महिनोन्‌महिने याद्यांवर घासाघीस करत बसले होते. कोण जाणार, कोण नाही, कुठल्या मार्गाने, कुठल्या दिवशी. मार्ग सगळ्या लढणाऱ्या देशांना आधी कळवले होते. 'ग्रिप्सहोम'च्या पांढऱ्या बाजूंवर लांबून वाचता येतील अशी मोठाली अक्षरे रंगवलेली होती, आणि इतर जहाजे अंधार करून प्रवास करीत असताना ते जहाज रात्री सगळे दिवे लावून चालत होते, पाणबुडीला चुकूनही संशय येऊ नये म्हणून. एकाच बंदरात सात महिन्यांच्या अंतराने हे दोन्ही प्रकार घडले. दुसरा प्रकार शक्य झाला तो याद्या, मध्यस्थ आणि आधी ठरवलेली रीत यांमुळे. त्यात कुणाच्या शौर्याचा किंवा औदार्याचा भाग फार थोडा होता.

ही रीत आजही चालते, फक्त मध्यस्थ बदलले. 'गॅलक्सी लीडर' या जहाजाचे खलाशी येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या कैदेत 14 महिने होते, ते जानेवारी 2025 मध्ये ओमानच्या मध्यस्थीने सुटले. जुलै 2025 मध्ये हुथींनी बुडवलेल्या लायबेरियन झेंड्याच्या 'इटर्निटी सी'वरचा एक भारतीय डिसेंबर 2025 च्या सुरुवातीला, पाच महिन्यांनी, ओमानमार्गेच सुटला. मार्च 2022 मध्ये युक्रेनच्या मिकोलाइव्ह बंदरात भारतीय खलाशी अडकले, तेव्हा आपल्या दूतावासाने बसची सोय करून 52 भारतीयांना बाहेर काढले आणि त्याच बसमध्ये लेबनॉनचे दोन व सीरियाचे तीन खलाशीही बसवले. नौदलाचेही ऋण मोठे आहे. जानेवारी 2024 मध्ये एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' हे जहाज पेटले, त्यावर 22 भारतीय होते. आयएनएस विशाखापट्टणमच्या जवानांनी ती आग विझवायला हात दिला. या सगळ्यांतून दिसते ते एवढेच की कौशल्य आपल्याकडे भरपूर आहे. ते प्रत्येक वेळी नव्याने, अधिकाऱ्याच्या समजुतीवर आणि प्रकरणाला मिळालेल्या प्रसिद्धीवर वापरले जाते, ही माझी तक्रार आहे. 17 भारतीय एकाच जहाजावर असले की बातमी होते. एखाद्या छोट्या टँकरवर एकटाच मराठी ऑइलर असला तर?

पैशाचा मुद्दा थोडक्यात, पण तो घरच्यांना रोज टोचणारा आहे. सागरी कामगार करारात 2018 मध्ये दुरुस्ती झाली आणि 2020 च्या अखेरीपासून ती लागू आहे. तिच्यानुसार चाच्यांनी किंवा सशस्त्र लुटारूंनी ओलीस धरलेल्या खलाशाचा पगार सुटकेपर्यंत चालू ठेवावा लागतो. पण चाचेगिरी आणि लूट या दोन्हींच्या व्याख्येत 'खासगी हेतूसाठी' हे शब्द आहेत. सोमाली टोळीने पकडले तर पगार चालू. एखाद्या राष्ट्राच्या सैन्याने किंवा राजकीय मागण्या करणाऱ्या सशस्त्र गटाने पकडले तर कंपनीचा वकील हात वर करू शकतो. कर्जाचा हप्ता, आईचे औषध, बहिणीची फी यांना पकडणाऱ्याचा हेतू कळत नाही. 2025 मध्ये संसदेने 1958 चा जुना कायदा बाजूला सारून नवा व्यापारी नौवहन कायदा केला. तो मंजूर करताना तुम्ही सभागृहात होता. त्याखालच्या नियमांत ही फट बुजवून घेता येते: भारतीय एजंटामार्फत गेलेल्या प्रत्येक खलाशाला, पकडणारा कुणीही असो, सुटका होईपर्यंत पूर्ण पगार आणि घरी पाठवायची रक्कम चालू राहील, आणि कंपनीने टाळले तर एजंटाच्या ठेवीतून किंवा विम्यातून ती दिली जाईल.

'तो स्वतःच्या मर्जीने, डॉलरच्या पगारासाठी गेला, धोका त्याला माहीत होता' हा आक्षेप मला अनेकांकडून ऐकायला मिळेल, आणि तो अन्यायाचा आहे. खलाशी सही करतो तेव्हा जहाज सिंगापूरला असते; चार महिन्यांनी ते कुठे जाईल हे जहाज भाड्याने घेणारा ठरवतो. युद्धक्षेत्रात जायला नकार देण्याचा, खाली उतरवून घेण्याचा आणि गेलाच तर दुप्पट मूळ पगाराचा हक्क खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटना व मालक यांच्या करारात आहे आणि लाल समुद्रासाठी तो 2024 मध्ये लागूही झाला. पण तो करार असलेल्या जहाजांपुरताच. ज्या स्वस्तातल्या, जुन्या जहाजांवर आपली नवखी मुले पहिले जॉइनिंग घेतात, तिथे नाही म्हटले तर पुढचे काम मिळत नाही ही भीती असते. निवड करण्याचा हक्कच नसेल तर धोका पत्करल्याचा दोष कसा देणार? शिवाय जे तेल, जे खत, जी डाळ या देशात येते ती याच माणसांच्या हातून येते. खताची गोणी मराठवाड्यातल्या दुकानात महागली की आपण लगेच बोलतो. ती आणणाऱ्या माणसाला मात्र त्याच्या नशिबावर सोडून देतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो परराष्ट्र सेवेतले अनुभवी लोक मनापासून घेतात. वाटाघाटींना मोकळीक लागते. कायद्याने हात बांधले तर समोरचा सौदा महाग करील. प्रत्येक प्रकरणी न्यायालयात धाव घेतली जाईल. काही गोष्टी गुप्त राहण्यातच कैद्याचे हित असते. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. म्हणूनच सुटकेची हमी देणारा कायदा मी मागत नाही. कुठलेही सरकार ती देऊ शकत नाही आणि देऊ नये. कुणाशी काय बोलायचे, काय द्यायचे, केव्हा गप्प बसायचे हे राजदूतावर सोडा. पण घरच्यांना ठरावीक तासांत अधिकृतपणे कळवणे, एका नाव असलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक दिवशी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणे, झेंड्याच्या राष्ट्राला आणि पकडणाऱ्याला भेटीची मागणी लेखी कळवणे, पगार आणि विमा चालू राहील हे बघणे, यातल्या कशाने वाटाघाट बिघडत नाही. जर्मनीने 1974 पासून परदेशातल्या आपल्या नागरिकांना मदत करण्याचे वकिलातींचे कर्तव्य कायद्यात लिहिलेले आहे. त्यामुळे त्या देशाची मुत्सद्देगिरी लुळी पडल्याचे दिसत नाही. परराष्ट्र मंत्रालयाचे तक्रारींसाठीचे 'मदद' पोर्टल 2015 पासून आहे, हेल्पलाइन आहेत, हेही मला मान्य आहे. पण पोर्टल तक्रारीला क्रमांक देते. त्या क्रमांकामागे कायद्याने बांधलेले कर्तव्य नसते.

आणखी एक गोष्ट अशी, की परवाना नसलेल्या एजंटाने फसवून पाठवलेला मुलगा युद्धाच्या पाण्यात सापडला तर 'तो अनधिकृतपणे गेला होता' हे वाक्य सरकारी पत्रात दिसू नये. फसवणाऱ्यावर खटला भरा, पण फसलेला पहिल्या दिवसापासून भारतीय नागरिकच आहे, आणि वर मागितलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचा तितकाच हक्क आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या पातळीवर काम हवे. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात, विशेषतः किनारा नसलेल्या जिल्ह्यांत, एक अधिकारी नेमून त्याच्याकडे त्या जिल्ह्यातून समुद्रावर गेलेल्यांची अद्ययावत यादी असावी. नौवहन महासंचालनालयाकडे प्रत्येक नोंदणीकृत खलाशाचा क्रमांक आणि पत्ता असतो, त्यामुळे यादी नव्याने गोळा करायचीही गरज नाही. परवानाधारक एजंटांची नावे आणि युद्धक्षेत्राला नकार देण्याचे नियम मराठीत छापून ते आमच्याकडच्या कॉलेजांत, तहसिलींत आणि मर्चंट नेव्हीच्या जाहिराती जिथे लागतात त्या क्लासच्या गल्ल्यांत लावले जावेत.

 तुमच्यापैकी काही जण परराष्ट्र व्यवहाराच्या आणि परिवहनाच्या स्थायी समितीवर असतील. त्यांनी हा विषय समितीच्या कामात घ्यावा. खासगी विधेयक मांडायची तयारी असेल त्यांनी ते मांडावे, पक्ष कोणताही असो. आणि ज्यांना एवढे शक्य नाही त्यांनी निदान एक तारांकित प्रश्न विचारावा: गेल्या पाच वर्षांत युद्ध किंवा सशस्त्र संघर्षामुळे परक्या झेंड्याच्या जहाजांवर किती भारतीय पकडले किंवा अडकवले गेले, त्यांतले महाराष्ट्राचे किती, प्रत्येकाची आपल्या दूतावासाशी पहिली भेट किती दिवसांनी झाली, घरच्यांना किती दिवसांनी कळवले गेले, सुटकेच्या परवानगीनंतर प्रत्यक्ष परतायला किती दिवस लागले आणि त्या काळातला पगार कितींना मिळाला. उत्तर 'माहिती संकलित केली जात आहे' असे आले तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा लावावा. मिळालेले उत्तर मराठी वर्तमानपत्रांकडे पाठवावे, म्हणजे ते कोकणात जितके वाचले जाईल तितकेच इकडे बीड, जालना, परभणीतही वाचले जाईल.



आपला विश्वासू,
एक मतदार
उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर